करवलीचं पोलकं

वैशाखात अकोल्याला दुपारी बारानंतर शिवणमशीनच्या मुठीला उघडा हात लावता येत नाही. लोखंड चटका देतं. आम्ही बायका मुठीला ओलं फडकं गुंडाळतो, दुसरं रिळावर टाकतो, कारण या हवेत वाळलेला दोरा दर दोन वितींवर तुटतो. त्या फडक्यांचा कुबट वास, मशीनच्या तेलाचा वास आणि कोऱ्या खणाच्या खळीचा वास मिळून जो वास होतो, त्याला मी लग्नसराई म्हणते. इतरांना या दिवसांत मोगरा आठवत असेल. मला तेल आठवतं, आणि तेलापाठोपाठ जे आठवतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा लग्न माझ्याच घरी आहे. माझी मालू बोहल्यावर चढते आहे, आणि आमच्या ओसरीवर तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी चार जुन्या हातमशिनी मांडल्या आहेत. बाजारात आता पायानं चालणाऱ्या चकचकीत मशिनी मिळतात, पण या पोरींना त्या नकोत. त्यांना हव्यात काळ्या अंगाच्या, सोनेरी वेलबुट्टी अर्धी झिजलेल्या. हमीदाची मशीन तिच्या शिंपी आजोबांची. हमीदा तिला ‘बडी बी’ म्हणते आणि काम सुरू करण्याआधी तिच्या माथ्यावर हात ठेवते. दुसऱ्या एकीच्या मशीनला कापड एका बाजूला ओढायची खोड आहे. ती पोरगी कापडच तिरकं धरते आणि वर सांगते, हिला असंच आवडतं. लेकराला कुणी पुसणार नाही एवढं या मशिनींना पुसतात. कुणी चुकून खोबरेल घातलं तर तिच्याशी दोन दिवस अबोला. मला हे वेड कळतं, कारण ते मीच त्यांना लावलं आहे.

त्यांच्यात एकच नियम कडक आहे, आणि तोही माझाच. दुसरीच्या मशीनच्या ताणाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. वरच्या दोऱ्याला ताण देणारा हा एवढासा स्क्रू. प्रत्येक जुन्या मशीनवर त्याची जागा वेगळी आणि ती फक्त मालकिणीला ठाऊक. तो अर्धा फेरा सैल केला तर वरून टीप देखणी दिसते आणि खाली दोऱ्याची नुसती सैल वेटोळी पडतात. असं पोलकं घडी घालून ठेवलं तर वर्षभर काही कळायचं नाही. अंगात घालून हात वर केला की बाही निघाली. पोरींना हे मी इतकं बजावते की त्या माझी नक्कल करतात.

गेल्या महिन्यात हमीदाच्या वडिलांनी बडनेऱ्याहून, रेल्वेच्या एका बंगल्यातून, ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी आणली. साहेब लोक गाशा गुंडाळून निघालेत, मागं राहिलेलं ज्याच्या हाती लागेल त्याचं. पोरींनी ग्रामोफोनला चावी दिली. मी आत कुरडयांचा चीक हाटत होते. पियानो वाजायला लागला आणि माझा हात जागीच थांबला. चीक खाली लागला, सगळ्या घरभर करपट वास पसरला, आणि मी जाऊन पोरींवरच ओरडले.

“बंद करा तो बाजा!”

“काहून वो आई?” मालू म्हणाली. “किती मस्त वाजून राह्यला! मशीन कशी ठेक्यात चालते पाय ना.”

मशीन त्या ठेक्यात किती छान चालते हे मला मालूनं सांगायची गरज नव्हती. त्या संगीताला रॅगटाइम म्हणतात. पियानोवरचा डावा हात शाळेत निघालेल्या मुलासारखा सरळ, एकसारखा चालतो. उजवा मात्र वाटेत थांबतो, भलत्याच क्षणी उडी मारतो आणि पुन्हा डाव्याला गाठतो. ऐकणाऱ्याचं सगळं ध्यान उजव्याकडे जातं. हे मला वहिनीनं शिकवलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी, अमरावतीला, माझ्या माहेरी.

वहिनी अकोल्याची. तिचे वडील रेल्वेत मिस्त्री. बडनेऱ्याच्या एका गोऱ्या गार्डाची बायको वारली आणि तो आपल्या मुलखाला परत निघाला, तेव्हा तिची हातमशीन, ग्रामोफोन आणि सात तबकड्या त्यानं मिस्त्रीला देऊन टाकल्या, कारण दोन्ही यंत्रं आजवर त्यांनीच चालती ठेवली होती. रॅग म्हणजे चिंधी, एवढं जाताना सांगून गेला. म्हणून आमच्या घरात त्या तबकड्या ‘चिंध्यांची गाणी’ झाल्या. लग्नात वहिनीबरोबर दागिना फारसा आला नाही. ही दोन यंत्रं आली, आणि माझी माय आठ दिवस गल्लीभर सांगत फिरली की सुनेनं सोन्याऐवजी लोखंड आणलं.

पण दोन महिन्यांत गल्लीतल्या सहा बायका रोज दुपारी आमच्या माजघरात शिवायला शिकायला येऊ लागल्या. वहिनी चावी द्यायची, तबकडी लावायची आणि म्हणायची, “डावा हात आयका. चाक त्याच्यावर फिरवा. उजवा काई करो, त्याच्या मांगं जायचं नाई.” ती स्वतः शिवायला बसली की डोळे सुईवर, मान किंचित हलती, आणि टाका असा एकसारखा पडायचा की बायका बोट फिरवून पाहत. मला ती फार आवडायची. मला तिच्यासारखं व्हायचं होतं, खरं तर मला तिच्या जागी बसायचं होतं, आणि या दोन गोष्टींतला फरक सोळाव्या वर्षी मला कळत नव्हता.

माझं चाक नेहमी उजव्या हातामागं धावायचं. एकदा वहिनीनं माझी टीप उजेडात धरली आणि सहा बायकांसमोर म्हणाली, “इंदूबाई, हे टाके नोहेत, हे बोकडाचे दात हायेत.” बायका हसल्या. तिनं एका ओढीत ती शिवण उसवली आणि कापड माझ्या मांडीवर परत टाकलं. ती सगळ्यांचीच शिवण उसवायची. स्वतःची तर दिवसातून दोनदा. हे मला आज दिसतं. त्या दुपारी मला फक्त हसणं ऐकू आलं, आणि ते मी जपून ठेवलं.

मायचीही एक रीत होती. शिवून झालेलं कुठलंही कापड ती दोन्ही मुठींत धरून ताडकन ओढून पाहायची. मग ते बाजारच्या शिंप्याचं असो की सुनेचं. टाका हलला की त्या बाईचं काही खरं नसे. शेजारची एक तर मायनं कापड मागितलं की आधी देवाचं नाव घ्यायची.

त्या वर्षी चैत्र लागताच माझं लग्न ठरलं, अकोल्याचं स्थळ. त्याच सुमारास अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतून वहिनीला विचारणा झाली. शिवण शिकवायला बाई हवी होती, नागपूरहून मंजुरी आली होती, जागा ज्येष्ठापर्यंत राखून ठेवणार होते. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, अकोल्याच्या कापसाच्या जिनात काम मिळण्यासारखं होतं. वहिनीचे वडील तिथं एकटे होते. त्या एका होकारावर तिचं सगळं उभं आयुष्य टांगलेलं होतं आणि होकार द्यायचा होता मायनं. माय म्हणाली, “इंदूच्या लग्नाचं शिवण पार पाडू दे. मंग पाहू.”

वहिनी दीड महिना मशीनवरून उठली नाही. मांडीवर घामोळं आलं, मुठीवरचं फडकं दिवसातून दहादा ओलं करावं लागे. सगळ्यात शेवटी ठेवलं होतं करवलीचं पोलकं. आमच्या लोकांत वराकडच्या करवलीचं परकर-पोलकं वधूच्या घरी शिवतात. पाण्यानं भरलेला, वर दिवा ठेवलेला करा हातात धरून ती वधूवरांमागं उभी राहते. सगळा मांडव तिच्याकडे पाहत असतो, आणि तिच्या अंगावरच्या कापडावरून वधूच्या घरच्यांचा हात जोखतो. माझी करवली होती गोदू, माझी होणारी नणंद, बारा वर्षांची. तिच्या मापाचं जुनं पोलकं अकोल्याहून आलं होतं. बगलेत शाईचा डाग होता.

लग्नाला दोन दिवस होते. वहिनी पोलक्याचं अंग शिवून पाणी प्यायला आत गेली, बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. मी मशीनपाशी गेले आणि स्क्रू अर्धा फेरा सैल केला. एवढ्यानं भागलं नसतं. वहिनी मशीनचा आवाज ओळखायची. घट्ट टाक्याचा आवाज कोरडा, सैल टाक्याचा भरड, दोन टाक्यांत तिनं ओळखलं असतं. म्हणून मी ग्रामोफोनला पूर्ण चावी दिली, नवी सुई घातली आणि सातांतली सगळ्यात दणक्याची तबकडी लावली.

वहिनी पदरानं तोंड पुसत आली. “अवं माय! आज तुमी सोता लावलं?” म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला वाटलं, मला एकदाची गोडी लागली. ती बसली, डाव्या हाताच्या ठेक्यावर चाक फिरवलं, दोन्ही बाह्या जोडल्या आणि पोलकं माझ्याकडे टाकलं. दोरे कापणं, काजं, इस्त्री ही कामं माझी होती. मी कापड उलटं केलं. खाली दोऱ्याची बारीक बारीक वेटोळी दिसत होती. त्यांच्यावरून मी गरम इस्त्री फिरवली आणि ती बसवून टाकली. संध्याकाळी कुणी नसताना स्क्रू पुन्हा आवळला.

मला काय हवं होतं? फार नाही. माय पोलकं ओढणार, बाही हातात येणार, सहा बायका वहिनीला हसणार. एवढंच. त्यापुढचं मी काही ठरवलं नव्हतं.

मायनं पोलकं हातात घेतलं. मी तिच्या मुठींकडे पाहत होते. तिनं ते उजेडात धरलं, वरच्या टिपेवर अंगठा फिरवला आणि घडी घातली.

“हिची शिवण वढून पाहाची गरज नाई,” माय म्हणाली. “हात पाहा पोरीचा! जाय वो, त्या शाळेले होकार कळवून दे.”

वहिनी मायच्या पाया पडली. उठताना तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. मला बोलायला दोन दिवस होते. मेंदी लावलेले हात मांडीवर ठेवून मी बसून राहिले आणि लोकांनी भरवलेले लाडू खाल्ले.

मंगलाष्टकं चालू होती. तिसऱ्या की चौथ्या कडव्याला कुणीतरी गोदूला म्हणालं, करा जरा उंच धर. तिनं हात वर केले. उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि कोपरापाशी लोंबली. पोरगी दचकली, बाही सावरायला गेली, आणि करा तिच्या हातून सुटला. माझ्या पायांवर पाणी आलं. दिवा विझला. मागून कुणीतरी खो खो हसलं आणि हसणं मांडवभर पसरलं. गोदू एका हातानं उघडा खांदा झाकून तशीच उभी होती. तिला कुणी जवळ घेतलं नाही. माझ्या सासूबाई तिच्यावरच खेकसल्या, मग आमच्याकडे वळल्या.

“अमरावतीची शिवण पाह्यली बापा! भर लग्नात करा फोडला.”

मायनं वहिनीला मांडवाच्या मधोमध बोलावलं. वहिनीनं गोदूच्या हातातून निसटलेली बाही उचलली, उलटी केली, खालचा दोरा पाहिला. मग मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं. ज्या खोलीत मशीन होती त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“बाजे वाजवून शिवते हे!” माय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ध्यान कुठं राह्यते इचं? विहीणबाई, मशीनच घेऊन जा तुमी. इंदूसंगं देऊन राह्यली. हिच्या हाताले पुन्हा मशीन नाई.”

मशीन वहिनीच्या बापानं दिलेली. तिला कुणी विचारलं नाही. दादा मान खाली घालून उभा होता, पुढंही तो बहुतेक तसाच राहिला. शाळेला नकाराचं पत्र मायनं सांगितलं आणि त्यानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मायनं सातही तबकड्या गच्चीवर वाळवणाच्या खाटेवर नेऊन मांडल्या. अमरावतीचं वैशाखातलं ऊन. दुपारपर्यंत त्या पापडासारख्या वळल्या. वहिनीला वर जाऊन त्या उलटायला सांगितलं होतं, आणि तिनं एकेक उलटली.

माझ्या पाठवणीच्या दिवशी मशीन तिनंच गोधडीत बांधली. बांधण्याआधी मला जवळ बोलावलं. स्क्रूच्या शेजारी पत्र्यावर सुईनं ओढलेली केसाएवढी रेघ होती. मला ती रेघ कधीच दिसली नव्हती. मी स्क्रू परत आवळला होता तो त्या रेघेच्या अलीकडेच थांबला होता. वहिनीनं अंगठ्याच्या नखानं तो रेघेवर आणला. “इंदूबाई, हे रेघ,” ती म्हणाली. “इथंच ठेवजा.” तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. मी हो म्हटलं.

ती मशीन मी सव्वीस वर्षं चालवली. अकोल्यात मला शिवणवाल्या इंदूबाई म्हणतात. बायका तीन गल्ल्या ओलांडून शिकायला येतात, माझ्या मशीनला हात लावून पाहतात, आजकाल असं लोखंड मिळत नाही म्हणतात. गोदूला लोक ‘कराफोडी’ म्हणत. ती माझ्याच घरात लहानाची मोठी झाली. कुठल्या कार्यात पाण्याचा तांब्या पुढं केला तरी हात मागं घ्यायची. स्थळं परत जात राहिली, शेवटी परतवाड्याच्या एका बिजवराला दिली. तिच्या लग्नाचे कपडे मी शिवले, त्याच मशीनवर, आणि शिवताना तिनं माझ्या गळ्यात हात टाकून म्हटलं, “वयनी, तुमची शिवण कधीच उसवत नाई.” मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या वाईट वाटण्यानं माझी एक टीप कधी वाकडी गेली नाही, जेवण कधी कमी झालं नाही. वहिनी तिकडे अमरावतीला अंथरुणाला खिळलेल्या मायचं सगळं करत राहिली, माय जाईपर्यंत.

काल वहिनी आली. मालूनं हट्टानं बोलावलं. नवऱ्याकडच्या करवलीचं पोलकं मामीच्याच हातचं हवं म्हणाली, कारण मामीचा हात कसा होता ते तिनं जुन्या बायकांकडून ऐकलंय. वहिनीचे केस पांढरे झालेत, बोटं मात्र तशीच. गोदूही परतवाड्याहून सकाळीच आली.

आज दुपारी वहिनी त्या मशीनपुढं बसली. पोरींनी मोठ्या कौतुकानं ग्रामोफोन लावला होता. डावा हात ठाम चालला होता, उजवा उड्या मारत होता. वहिनीनं थोडा वेळ ऐकलं.

“छान हाये,” ती म्हणाली. “पण बंद करा पोरीओ. मशीन आयकू येऊ द्या.”

मग न पाहता तिचा अंगठा स्क्रूवर गेला. “रेघीवरच हाये.”

“मी कधी हलवला नाही, वयनी,” मी म्हटलं.

“तुमाले एकदाच हलवा लागला,” ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला.

तासाभरात पोलकं झालं. लिंबाच्या रंगाचा खण, छोट्या फुगीर बाह्या. पोरी बोट फिरवून पाहायला लागल्या तशी तिनं ते त्यांच्या हातून काढून घेतलं आणि माझ्यापुढं धरलं. “वढून पाहा, इंदूबाई. मांगच्या खेपेले कोणी वढलं नोतं.”

मी बाहीजवळ दोन्ही मुठींनी धरलं आणि ओढलं. टाका हलला नाही. आणखी जोर केला. खरं सांगते, ती शिवण उसवावी असं मला मनापासून वाटत होतं. एक टाका, निदान एक टाका तिचाही सुटावा. मी दात आवळून ओढलं आणि टर्रकन आवाज झाला. शिवण होती तशीच होती. तिच्या बोटभर बाजूला कोरा खण उभा फाटला होता.

“आई!” मालू ओरडली. “हे काय केलं?”

हमीदानं तोंडावर हात ठेवला. दारात गोदू उभी होती, सगळं पाहत. वहिनीनं माझ्या मुठीतून पोलकं सोडवून घेतलं, मांडीवर पसरलं आणि हातानं सरळ केलं.

“दुसरा खण आण, मालू,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. “गोदूबाई इथंच हायेत, इंदूबाई. ह्या खेपेले तुमीच सांगजा, कोणाच्या हातानं फाटलं ते.”